क्लॉडियसची पुतणी, भाची नव्हे

प्रश्न असा आहे: ‘रोमन सम्राट क्लॉडियसने आपल्या भाचीशी लग्न केलं’ असं एका मराठी लेखात वाचलं, दुसऱ्या लेखात तीच ॲग्रिपिना त्याची ‘पुतणी’ होती. यातलं बरोबर कोणतं? आणि जाता जाता, ज्युलियस सीझर हा ऑगस्टसचा काका की मामा?

पहिल्याचं उत्तर: पुतणी. ॲग्रिपिना ही जर्मेनिकसची मुलगी आणि जर्मेनिकस हा क्लॉडियसचा सख्खा थोरला भाऊ. पुरुषाला भावाची मुलगी पुतणी आणि बहिणीची भाची. (‘पुरुषाला’ म्हटलं ते मुद्दाम. बाईच्या तोंडी हिशेब बदलतो. आत्याला भावाची मुलगी भाचीच असते आणि पुतणी म्हणजे दिराची मुलगी.) दुसऱ्याचं उत्तर: काकाही नाही आणि मामाही नाही. त्याकडे नंतर येतो.

हा घोळ कुठून आला ते उघड आहे. आपल्याकडे रोम येतो तो बहुतेक वेळा इंग्रजीतून, आणि इंग्रजीत भावाची असो की बहिणीची, मुलगी ‘नीस’च. भाषांतर करणाऱ्यापुढे नाणं उडवण्याची वेळ येते आणि कधी भाची पडते, कधी पुतणी. गंमत म्हणजे मूळ लॅटिनला ही अडचण नव्हती. लॅटिनमध्ये बापाचा भाऊ ‘पात्रूउस’, आईचा भाऊ ‘अवुंकुलुस’, बापाची बहीण ‘अमिता’ आणि आईची बहीण ‘मातेर्तेरा’. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी अशी चारही घरं आपल्यासारखीच वेगळी. ‘पात्रूउस’ हा बापावरून केलेला शब्द, जसा आपला पितृव्य. ‘अवुंकुलुस’चा मूळ अर्थ ‘छोटा आजोबा’ असा. इंग्रजीतला ‘अंकल’ निघाला तो या अवुंकुलुसपासून, म्हणजे मुळात अंकल हा मामा होता. पुढे त्यानं काकाचीही जागा बळकावली आणि आता तर तो रिक्षावाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना पुरतो.

पुतण्या आणि भाचा यांना मात्र लॅटिनमध्ये एकेकटे शब्द नव्हते. ‘भावाचा मुलगा’, ‘बहिणीची मुलगी’ असं फोड करून म्हणत. ‘नेपोस’ हा शब्द होता, पण त्याचा अर्थ नातू. हा नेपोस आपला भाऊबंदच आहे. संस्कृत नप्तृ आणि लॅटिन नेपोस एकाच मुळाचे, आणि नप्तृवरूनच आपला नातू आला. नेपोसला पुतण्या-भाच्याचा अर्थ नंतर चिकटला, आणि इंग्रजीतला ‘नेफ्यू’ तिथूनच आला.

आता कोणी म्हणेल की पुतणी काय नि भाची काय, सम्राटानं जवळच्या नात्यात लग्न केलं एवढं कळल्याशी कारण. पण इथे सगळी गोष्ट त्या एका शब्दावर उभी आहे.

तिसरी बायको मेसालिना हिला इ. स. ४८ मध्ये ठार केल्यावर क्लॉडियसला चौथी बायको हवी होती. ॲग्रिपिना पुढे सरसावली, पण चुलत्यानं पुतणीशी लग्न करणं रोमन रिवाजात व्यभिचाराच्याही पलीकडचं पाप होतं. म्हणून ४९ सालच्या आरंभी ल्यूसियस व्हिटेलियस हा वजनदार मुत्सद्दी सेनेटमध्ये उभा राहिला. भावाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवीन असलं तरी इतर लोकांत ते रूढ आहे, असा त्याचा युक्तिवाद रोमन इतिहासकार टॅसिटसनं नोंदवला आहे. सेनेटनं ठराव केला आणि असं लग्न कायदेशीर ठरलं. यात एक बारकावा आहे. जर्मेनिकस दत्तक गेला होता, त्यामुळे ॲग्रिपिना कागदोपत्री ज्युलियन घराण्यातली, तर क्लॉडियस क्लॉडियन घराण्यातला. आपल्या भाषेत, गोत्र वेगळं झालं होतं. पण दत्तकानं गोत्र बदलतं, रक्त बदलत नाही. ठराव करावा लागला तो लागलाच.

हा ठराव किती नेमका होता ते पाहा. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस लिहितो की भावाच्या मुलीशी लग्न करता येतं, आणि हे क्लॉडियसच्या लग्नापासून सुरू झालं. बहिणीच्या मुलीशी मात्र करता येत नाही. म्हणजे पुतणी चालेल, भाची चालणार नाही! इ. स. ३४२ मध्ये पुतणीचीही वाट बंद झाली.

मराठी वाचकाच्या मनात हे बरोबर उलट उमटतं. दक्षिणेत मामा-भाचीची लग्नं रीतसर होतात, कर्नाटकच्या सीमेकडल्या काही मराठी घरांतही ती माहीत आहेत. मामेबहिणीशी लग्न तर महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मानाचं. त्यामुळे ‘भाचीशी लग्न केलं’ हे वाचून आपला वाचक भुवईसुद्धा उचलणार नाही, फार तर वयाचं अंतर विचारील. ‘पुतणीशी लग्न केलं’ म्हटल्यावर मात्र तो वाक्य पुन्हा वाचतो. आणि त्या रोमन सेनेटरांनाही तसंच दचकायला झालं असणार. चुकीचा शब्द वापरला की नातं चुकतंच, वर त्या प्रसंगातली हवाही निघून जाते. ठरावानंतर या वाटेनं जायला कोणी फारसं धजावलं नाही. टॅसिटसला अनुकरण करणारा एकच माणूस सापडला, आणि त्यानंही ते ॲग्रिपिनाची मर्जी राखायला केलं अशी बहुतेकांची समजूत होती.

आता सीझर. ऑगस्टस जन्मला इ. स. पू. ६३ मध्ये, तेव्हा त्याचं नाव गायस ऑक्टेव्हियस. त्याची आई आतिया, आतियाची आई ज्युलिया आणि ही ज्युलिया ज्युलियस सीझरची बहीण. म्हणजे सीझर हा ऑगस्टसच्या आईचा मामा. आईच्या मामाला आपण मामा म्हणत नाही, तो नात्यानं आजोबाच. उलट बाजूनं भाचीचा मुलगा हा नातू. इथे पुन्हा लॅटिन आणि मराठी हातात हात घालून चालतात. इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाल्यावर त्याचं मृत्युपत्र उघडलं, तेव्हा त्यात तीन वारस निघाले. सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस त्यांना ‘बहिणींचे नातू’ म्हणतो आणि शब्द वापरतो तो नेपोसच. तीन चतुर्थांश ऑक्टेव्हियसला, उरलेला चौथा हिस्सा पिनारियस आणि पेडियस या दोघांना. शेवटच्या पानावर ऑक्टेव्हियसला दत्तक घेऊन नावही दिलेलं होतं. तेव्हा ‘सीझरचा पुतण्या ऑगस्टस’ हे जे सर्रास छापलं जातं ते साफ चूक. ‘बहिणीचा नातू आणि दत्तक मुलगा’ लिहावं.

दत्तकाबरोबर नाव बदलणं आपल्याला समजावून सांगायला नको. १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळ बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला, तसाच ऑक्टेव्हियस हा गायस ज्युलियस सीझर झाला. पण ‘मांडीवर घेणे’ हा आपला वाक्प्रचार रोमच्या बाबतीत जपून वापरावा. इ. स. ४ मध्ये ऑगस्टसनं टायबेरियसला दत्तक घेतलं तेव्हा हा ‘मुलगा’ ४४ वर्षांचा होता. त्याला मिसरूड फुटलेला स्वतःचा मुलगा होता. शिवाय आधी त्याला आपला पुतण्या जर्मेनिकस याला दत्तक घ्यायला लावलं. मांडी कितीही ऐसपैस असली तरी एवढी मंडळी मावायची नाहीत.

टायबेरियस ऑगस्टसचा कोण, हे मराठीत सांगताना खरी अडचण येते, आणि इथे लॅटिन आपल्यापेक्षा सरस ठरते. तो ऑगस्टसची बायको लिव्हिया हिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा. लॅटिनमध्ये अशा मुलाला ‘प्रिविग्नुस’ असा स्वतंत्र शब्द आहे. आपण ‘सावत्र मुलगा’ म्हणतो, पण सावत्रच्या मागे सवत उभी आहे. सवतीचं मूल ते सावत्र, असा त्याचा मूळ रोख. बायकोनं आधीच्या घरातून आणलेल्या मुलाला तो शब्द ओढूनताणून लावावा लागतो. सावत्र बहिणीचंही तसंच. ऑगस्टसची मुलगी ज्युलिया ही टायबेरियसची ‘सावत्र बहीण’ म्हटली तर वाचकाला वाटतं की दोघांचा बाप तरी एक असेल. तसं नाही, दोघांत आईही सामायिक नाही आणि बापही. अशा ठिकाणी मी ‘सावत्र’ टाळून ‘लिव्हियाचा पहिल्या नवऱ्याचा मुलगा’ असं लांबण लावून लिहितो. लांबलं तर लांबू दे.

या ज्युलियाची लग्नं पाहिली की आपल्या नात्यांच्या शब्दांचा कस लागतो. पहिला नवरा मार्सेलस, ऑगस्टसची बहीण ऑक्टेव्हिया हिचा मुलगा. आतेभाऊच तो. जुन्या मराठी घरांत सून सासूला आत्याबाई म्हणायची. ज्युलियाला ते शब्दशः लागू होतं, कारण तिची सासू खरोखरच आत्या होती. मार्सेलस इ. स. पू. २३ मध्ये गेला. मग ऑगस्टसचा सेनापती ॲग्रिपा. त्याला आधीच्या बायकोपासून व्हिप्सानिया नावाची मुलगी होती आणि ती दिली होती टायबेरियसला. म्हणजे ज्युलिया ही टायबेरियसची सावत्र सासू झाली (इथे सावत्र अगदी चपखल बसतो). इ. स. पू. १२ मध्ये ॲग्रिपा वारला आणि ऑगस्टसनं टायबेरियसला व्हिप्सानियाशी काडीमोड घ्यायला लावून ज्युलियाशी लग्न करायला लावलं. जावई सासूचा नवरा झाला. व्हिप्सानियावर त्याचा जीव होता. काडीमोडानंतर एकदा ती वाटेत दिसली, तेव्हा तो डबडबल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा ती त्याच्या नजरेस पडणार नाही याची पुढे काळजी घेण्यात आली.

क्लॉडियसच्या आधीचा सम्राट कॅलिग्युला, त्याचं त्या मानानं सोपं आहे. तो जर्मेनिकसचा मुलगा, म्हणून क्लॉडियस त्याचा सख्खा चुलता. ४१ साली पुतण्याचा खून झाला आणि चुलता सम्राट झाला. मराठी इतिहासात काका-पुतण्यांची गोष्ट माहीत नसलेला वाचक विरळा, पण इथे काकाचा हात नव्हता. टॅसिटस नव्हे, सुएटोनियस सांगतो की क्लॉडियस पडद्यामागे लपून बसलेला सापडला.

शेवटी क्लॉडियसनंतरचा सम्राट नीरो. ॲग्रिपिनाचा पहिल्या लग्नाचा मुलगा, म्हणून कॅलिग्युला त्याचा सख्खा मामा. क्लॉडियस हा आईचा चुलता, तेव्हा आधी चुलत आजोबा, लग्नानंतर आईचा नवरा, इ. स. ५० मध्ये दत्तक बाप. आणि ५३ मध्ये मुलगी ऑक्टेव्हिया नीरोला दिल्यावर सासरा. (ही ऑक्टेव्हिया वेगळी, या घराण्यात नावांचा तुटवडा होता.) दत्तकामुळे नवराबायको कायद्यानं बहीणभाऊ ठरत होते, म्हणून ऑक्टेव्हियालाच आधी दुसऱ्या घराण्यात दत्तक द्यावं लागलं. पण कायद्याला जे दिसलं नाही ते मराठी नात्यांना लगेच दिसतं. ऑक्टेव्हिया ही ॲग्रिपिनाची चुलत बहीण, म्हणजे नीरोची मावशी. आणि ५५ साली ज्याला नीरोनं विष घातलं असं म्हणतात तो क्लॉडियसचा मुलगा ब्रिटॅनिकस चुलत मामा, भाच्यापेक्षा तीनेक वर्षांनी लहान.

नीरोच्या शिलालेखांत त्याची वंशावळ अशी येते: देव क्लॉडियसचा पुत्र, जर्मेनिकसचा नातू, टायबेरियसचा पणतू, देव ऑगस्टसचा ‘आब्नेपोस’. या शेवटच्या शब्दापाशी इंग्रजीला ‘ग्रेट-ग्रेट’ असं दोनदा म्हणावं लागतं. मराठीत तो खापरपणतू. मामाचं नाव मात्र त्या ओळीत कुठेच नाही.