विकण्याआधी घर किती सजवावं?

प्रश्न : कोथरूडमधला आमचा 1988 सालचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचाय. एजंट म्हणतो, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करा, भाव चढेल. करावं का? – एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : काका, नका करू. तुमच्या आवडीचं किचन नवा मालक महिन्याभरात उखडतो. मी स्वतः अशी चार उखडली आहेत, कोरी करकरीत! आणि फॉल्स सीलिंग आधीच बेताची उंची आणखी खातं.

त्या काळच्या घरात बहुधा मोझॅक फरशी असते. असली तर तिच्यावर टाइल्स चढवू नका, मशीनने घासून पॉलिश करून घ्या. तेवढ्यानेच खोली उजळते. मात्र घासताना निघणारा चिखल कामगारांना मोरीत ओतू देऊ नका. हमखास तुंबते.

पण सगळ्यात आधी ओल बघा. रंगाखाली झाकलेली ओल पावसाळ्यात पापुद्रे काढते, आणि जाणतं गिऱ्हाईक भिंतीला तळहात लावूनच बघतं. पाणी वरच्या बाथरूममधून येतंय की बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून, ते शोधून बंद करा. भिंत पुरती वाळली की मग पुट्टी आणि फिकट रंग. घाई केलीत तर रंगाचे पैसे पाण्यात.

बाकी किरकोळ : मिणमिणत्या ट्यूब बदला, खिडकीची कबुतरजाळी धुवा, माळा रिकामा करा. माळ्यावर तांब्याचं घंगाळ निघालं तर भंगारात देऊ नका, आधी मला कळवा.