दा लूझ: प्रकाशाचं की प्रकाशचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका क्रीडाबातमीत बेनफिका या पोर्तुगीज फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानाला 'प्रकाशाचे मैदान' म्हटलं होतं. हे भाषांतर चालेल का? त्याच बातमीत क्लबच्या खेळाडूंना 'लाल सेना' असं नाव दिलं होतं. पोर्तुगीज लोकही त्यांना 'लाल'च म्हणतात का?

आधी मैदानाचं बघू, कारण गंमत तिथे जास्त आहे.

नाव आहे 'एश्तादियु दा लूझ'. एश्तादियु म्हणजे स्टेडियम आणि लूझ म्हणजे प्रकाश. मधला 'दा' हा आपल्या चा-ची-चे यांच्या घरातला. लूझ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'दा'. पोर्तो या दुसऱ्या पोर्तुगीज क्लबच्या मैदानाच्या नावात ड्रॅगन आहे आणि तो पुल्लिंगी, म्हणून तिथे 'दु' येतं. शब्दकोश मांडीवर घेऊन बसलं तर 'प्रकाशाचं स्टेडियम' असंच निघणार. इंग्रजी पत्रकारांनी वर्षानुवर्षं तेच काढलं आणि आपण ते तिकडून उचललं.

पण या नावात लूझ हे एका भागाचं नाव आहे. लिस्बनच्या उत्तरेला कार्नीद नावाची जुनी वस्ती आहे. तिथे 'नोसा सेन्योरा दा लूझ', म्हणजे प्रकाशमाता मेरी, हिचं चर्च आहे. त्या चर्चवरून आजूबाजूचा परिसर लूझ झाला. तिथला चौक लूझचा आणि रस्ताही लूझचाच. १९५४ साली बेनफिकाने जवळ मैदान बांधलं, तेव्हा लोकांनी त्यालाही लूझचं म्हणायला सुरुवात केली. क्लबने दिलेलं नाव होतं 'एश्तादियु दु स्पोर्ट लिस्बोआ इ बेनफिका'. एवढं लांबलचक कोण म्हणतंय! आपल्याकडे पुण्याजवळच्या क्रिकेट स्टेडियमचं असंच झालंय. अधिकृत नावात अख्खी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आहे, पण मॅच कुठे म्हटलं की उत्तर येतं 'गहुंजेला'.

या बाबतीत मराठी पोर्तुगीजपेक्षा वरचढ आहे, असं मला वाटतं. पोर्तुगीजमध्ये 'दा लूझ' एवढ्यावरून हा उजेड की हे गाव ते कळत नाही, कारण दोन्हीकडे रूप एकच. आपल्याकडे एका काना-मात्रेत निकाल लागतो. 'प्रकाशाचं घर' म्हटलं तर खिडक्या भरपूर असणार, आणि 'प्रकाशचं घर' म्हटलं तर तिसऱ्या मजल्यावरचे प्रकाशराव. सामान्यनामाचं सामान्यरूप होतं. माणसाच्या नावाचं आजकाल आपण करत नाही आणि परक्या गावांचंही करत नाही: लंडनचं, पॅरिसचं. म्हणून लिहायचं ते 'लूझचं मैदान'. 'प्रकाशाचं' लिहिलंत की व्याकरणानेच सांगून टाकलंत की तुम्ही नावाचं सामान्यनाम केलंय.

(गावांच्या नावांत घोळ आहे हे मान्य. 'नाशिकला' आणि 'नाशकात' दोन्ही चालतं, आणि लोकलमधली माणसं 'दिव्याला उतरायचंय' म्हणतात. पण म्हणून दिवा जंक्शनचं 'लॅम्प जंक्शन' कुणी केलेलं नाही.)

हीच लूझ भारतातही आहे. चेन्नईत मैलापूरला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेलं प्रकाशमातेचं चर्च आहे, लूझ चर्च. त्याच्यावरून आजूबाजूच्या भागाला आणि चौकाला 'लझ' नाव पडलं. तमिळमध्ये ते 'लस' होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रिक्षावाल्याला 'लूझ कॉर्नर' असं ठासून सांगितलं, तर त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी मागच्या बाईंनी 'लस, लस' म्हटलं आणि रिक्षा निघाली. त्या चौकात मिक्सर दुरुस्त करून घेणाऱ्या कुणाला तिथल्या उजेडाबद्दल विचारून बघा!

एक मात्र कबूल करायला हवं. नावाच्या तळाशी उजेड आहेच. कार्नीदची दंतकथा अशी की, आफ्रिकेत कैदेत पडलेल्या एका माणसाला मेरीने स्वप्नात दर्शन दिलं आणि गावातल्या झऱ्यापाशी रात्री गूढ प्रकाश दिसायचा. तिथे आधी छोटं देऊळवजा प्रार्थनास्थळ झालं. मोठं चर्च राजकन्या मारियाने १५७५ पासून बांधायला घेतलं. ही राजा मानुएलची मुलगी. वास्को द गामा कालिकतला पोचला तो याच मानुएलच्या कारकिर्दीत. १७५५ च्या भूकंपात चर्चचा बराच भाग कोसळला, नाव तेवढं टिकलं. म्हणजे प्रकाशापासून मेरी, मेरीपासून चर्च, चर्चपासून वस्ती आणि वस्तीपासून मैदान. चार पायऱ्या उतरून आलेल्या शब्दाला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन उभं करण्यात काय हशील?

गंमत अशी की चुकीच्या भाषांतराचंही नशीब उघडतं. जुनं मैदान पाडून २००३ साली नवीन लूझ उभं राहिलं. वास्तुरचनाकार इंग्रजी बोलणारे. त्यांनी छप्पर अर्धपारदर्शक पॉलिकार्बोनेटचं केलं, ऊन आत झिरपावं म्हणून. नावाला साजेसा उजेड हवा! इंग्लंडमधल्या संडरलँड क्लबने १९९७ मध्ये आपल्या नव्या मैदानाला हेच नाव इंग्रजीत दिलं. तिथे मात्र ते अस्सल आहे. मैदान जुन्या कोळसाखाणीच्या जागेवर आहे आणि नावातला प्रकाश खाणकामगारांच्या दिव्याचा. त्याला 'प्रकाशाचं मैदान' म्हणा, माझी हरकत नाही.

आता क्लबचं नाव. यातही भूगोलाचा घोटाळा आहेच. क्लब बेनफिकात जन्मलाच नाही. २८ फेब्रुवारी १९०४ ला लिस्बनच्या बेलेंय भागात, फ्रांको नावाच्या औषधाच्या दुकानात काही तरुण जमले आणि 'स्पोर्ट लिस्बोआ' सुरू झाला. स्पोर्ट हा शब्द इंग्रजी, तेव्हा नवाकोरा आणि फॅशनेबल. त्यांच्याकडे खेळाडू होते, पण स्वतःचं धड मैदान नव्हतं. १९०७ मध्ये त्यांचे आठ खेळाडू लिस्बनमधल्याच श्रीमंत स्पोर्टिंग क्लबने पळवले. ते वैर आजही ताजं आहे. १९०८ मध्ये बेनफिका भागातल्या दुसऱ्या एका क्लबशी विलीनीकरण झालं आणि दोघांची नावं 'इ' लावून जोडली गेली. 'इ' म्हणजे आणि. बोधचिन्हातला गरुड आणि लाल सदरे पहिल्या क्लबकडून आले, सायकलचं चाक दुसऱ्याकडून. फुटबॉल क्लबच्या चिन्हात चाक काय करतंय, असं तुम्हाला कधी वाटलं असेल तर ते असं आलं. स्थापनेचं वर्ष मात्र १९०४च धरतात. हे लग्नानंतर माहेरचा वाढदिवस धरण्यासारखं आहे. नावातून 'स्पोर्ट लिस्बोआ' बोलण्यात गळालं आणि सासरचं आडनाव तेवढं राहिलं.

दुसरा प्रश्न 'लाल'चा. पोर्तुगीजमध्ये लालला दोन शब्द आहेत, 'व्हर्मेल्यु' आणि 'एंकार्नादु'. बेनफिकावाल्यांना म्हणतात 'एंकार्नादुश'. 'कार्न' म्हणजे मांस, तेव्हा मूळ अर्थ मांसाच्या रंगाचा. नेहमीचा शब्द व्हर्मेल्यु असताना हा का? कारण राजकारण. पोर्तुगालात सालाझारची हुकूमशाही होती आणि शेजारी स्पेनमध्ये १९३६ पासून यादवी युद्ध पेटलेलं. 'लाल' म्हणजे कम्युनिस्ट हे समीकरण पक्कं झालेलं. दर सोमवारी पेपरात 'लालांचा दणदणीत विजय' असा मथळा कोण छापू देणार? मग वृत्तपत्रं 'एंकार्नादुश' लिहू लागली. क्लबच्या जुन्या गीतालाही सेन्सॉरने कात्री लावली, कारण त्यात 'अवांत', म्हणजे 'पुढे चला', हा शब्द होता आणि कम्युनिस्ट पक्षाच्या गुप्त मुखपत्राचं नाव तेच. हुकूमशाही १९७४ मध्ये गेली, शब्द राहिला.

मराठीत हे आपल्याला परकं वाटू नये. 'लाल बावटा' आणि 'लालभाई' म्हटलं की गिरणगाव डोळ्यांपुढे येतं, 'तांबडा' म्हटलं की रस्सा आणि माती. रंग एकच, पण एक शब्द मोर्चातला आणि दुसरा घरातला. म्हणून 'लाल सेना' हे भाषांतर मला उलटं वाटतं. जो वास टाळायला शब्द बदलला, तोच वास तुम्ही परत आणलात, वर सेनाही जोडलीत. भाषांतर करायचंच तर 'तांबडे' करा.

जाता जाता व्हर्मेल्युबद्दल. तो लॅटिनमधल्या 'बारीक किडा' अशा अर्थाच्या शब्दापासून आलाय, कारण हा रंग किड्यांपासून काढत. आपला 'किरमिजी' फारसी-अरबीतून आला, पण त्याच्या मुळाशी संस्कृत 'कृमि' धरतात. दोन वेगळे शब्द, कल्पना एकच. पैठणीच्या दुकानात 'किरमिजी दाखवा' म्हणताना हे आठवून बघा.

या तांबड्यांनी केलं काय, हेही सांगायला हवं, नाहीतर एवढा शब्दांचा पसारा कशासाठी? युरोपियन कप पहिली पाच वर्षं एकट्या रेआल माद्रिदने जिंकला. ती मालिका संपल्यावर १९६१ मध्ये बर्नच्या अंतिम सामन्यात बेनफिकाने बार्सेलोनाला ३-२ हरवलं. पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅमला खुद्द रेआलला ५-३. त्या सामन्यात पुश्काशने रेआलसाठी तीन गोल केले, तरी शेवटचे दोन गोल मारून सामना नेला तो मोझांबिकहून आलेल्या वीस वर्षांच्या एउझेबियुने. बेनफिकासाठी त्याचे ४४० सामन्यांत ४७३ गोल आहेत. १९७२-७३ च्या लीगमध्ये क्लब ३० पैकी २८ सामने जिंकला, दोन बरोबरीत सुटले, हार एकही नाही. पोर्तुगालात असं आधी कुणी केलं नव्हतं. २०२३ पर्यंत लीगची ३८ विजेतेपदं झाली. युरोपातला मोठा करंडक मात्र १९६२ नंतर नाही. अंतिम फेरीत पोचून हरण्याची त्यांची इतकी सवय झाली की लोक जुन्या प्रशिक्षकाचा, बेला गुटमानचा, शाप मानतात. एउझेबियु जानेवारी २०१४ मध्ये गेला, तेव्हा त्याची शवपेटी लूझच्या मैदानातून फिरवली होती.

राहता राहिलं लिहायचं कसं. लिस्बनमध्ये शेवटचा 'झ' एकटा आला की 'श'कडे झुकतो, म्हणजे ऐकू येतं 'लूश'. तरी मी 'लूझ' लिहीन, कारण गोव्यामुळे 'वाझ' आपल्या डोळ्यांना सरावाचं आहे. 'बेनफिका' ठीक आहे, आघात 'फि'वर. 'पोर्टो' मात्र नको, 'पोर्तो' लिहा. पोर्तुगीजांचा 'त' दंत्य आहे आणि मराठीने तो थेट त्यांच्या तोंडून ऐकलाय, म्हणून 'पोर्तुगीज', 'इस्त्री', 'मेस्त्री'. यावर कुणी 'मग बटाटा?' असं विचारील. विचारू दे. बटाटा कुठल्याही नियमात बसतो आणि कुठल्याच बसत नाही.

तुमच्या बातमीपुरतं वाक्य असं होईल: 'बेनफिकाने घरच्या मैदानावर, लूझला, सामना जिंकला.'