भंगारात जाणाऱ्या गाडीचे काय ठेवावे?

प्रश्न : आमच्या अंगणात १९९७ ची मारुती ८०० चार पावसाळे उभी आहे. खालचा पत्रा पार कुजला आहे, त्यामुळे ती पुन्हा रस्त्यावर आणायची नाही. थोरल्या भावाची त्याच काळातली कारब्युरेटरवाली ओम्नी मात्र अजून रोज बेळगावला जाऊन येते. भंगारवाला गाडी वजनावर घ्यायला तयार आहे. त्याआधी भावासाठी काय काढून घ्यावे? अख्खे इंजिनच उतरवून ठेवावे का?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : अख्खे इंजिन ठेवू नका. दोन्ही गाड्यांत ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे एफ८बी इंजिन आहे हे खरे. पण ८०० मध्ये ते बॉनेटखाली आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओम्नीत ते सीटखाली उभे बसते आणि मागची चाके फिरवते. त्यामुळे गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग आणि सायलेन्सरचा पाइप भावाच्या कामाचे नाहीत. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडलेले हवेचे-धुराचे फाटे) शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय जुळतील असे धरू नका. दुसरे कारण कागदाचे. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ती राहिली तर विम्याच्या दाव्याच्या वेळी किंवा गाडी विकताना नंबर जुळत नाही. हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) आणि त्यातले व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, रॉकर यांना ही अडचण येत नाही. तुमच्या गाडीचा खरा ऐवज हेडच आहे.

पण हेड खोलण्याआधी इंजिन तपासा. चार वर्षे उभ्या असलेल्या इंजिनला थेट सेल्फ मारू नका, पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असू शकतात. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकले तर जोर लावू नका. परत ऑइल सोडा आणि आणखी एक दिवस थांबा.

मोकळे फिरले की कॉइलची वायर काढा, भावाच्या गाडीची बॅटरी जोडा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज (आतला दाब मोजणारे मीटर) लावून पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. तिन्ही आकड्यांत दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक असेल, तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा-पिस्टनचा आहे, हेड ठेवण्याजोगे आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेड आणि ब्लॉकमधले गॅस्केट फुटले आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील तर आधी गॅस्केटवर संशय घ्या. रात्रीचे ऑइल सिलिंडरमध्ये राहिले असेल तर पहिला आकडा खोटा चढतो, म्हणून मोजण्याआधी प्लग काढलेल्या अवस्थेतच थोडा वेळ सेल्फ मारून ते बाहेर उडवा.

हेडचे बोल्ट थंड इंजिनावरच सोडा. दोन्ही टोकांकडून मध्याकडे या आणि प्रत्येक बोल्ट दोन-तीन टप्प्यांत सैल करा. ॲल्युमिनियमचे हेड एका बाजूने मोकळे केले तर वाकते. उतरल्यावर पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाने) घाला. ०.०५ मिमीचे पान सरकत असेल तर हेड वाकलेले आहे. तेवढ्याने ते टाकू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पृष्ठभाग घासून मिळतो. मात्र व्हॉल्व्हच्या दोन सीटांच्या मध्ये तडा असेल, किंवा पाण्याच्या भोकांची कड गॅस्केटच्या रेषेपर्यंत खाल्ली गेली असेल, तर ते भंगारातच जाऊ द्या. व्हॉल्व्ह काढलेत तर पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने लावून ठेवा. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच सीटवर बसायला हवा.

आमचा निकष असा : जे नवे चांगल्या दर्जाचे सहज मिळत नाही, किंवा आपल्याकडच्या लेथ-ग्राइंडिंगवाल्यांकडून पुन्हा मापात आणता येते, ते ठेवा. रबर आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते सोडा. त्या हिशेबाने कारब्युरेटर जरूर काढा. तो अख्खा बसला नाही तरी जेट, फ्लोट आणि स्क्रू कामाला येतात. आतले पेट्रोल पूर्ण ओता, कारण साचलेल्या पेट्रोलचा डिंक होऊन जेट बुजतात. अल्टरनेटर आणि सेल्फ हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका आणि ओम्नीच्या भागांशी ताडून मगच ठेवा. रिलेचे सॉकेट, फ्यूजबॉक्स आणि कनेक्टर वीतभर वायरसकट कापून घ्या. नट-बोल्ट जिथले तिथले वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर लिहा. दारे-काचा मात्र जवळपास कोणाची ८०० चालू असेल तरच काढा. नुसती जागा अडते.

ब्रेकचे होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, टाय रॉडचे एंड आणि सीट बेल्ट कितीही चांगले दिसले तरी दुसऱ्या गाडीला लावू नका. ८०० चे टायर ओम्नीला घालू नका. दोन्हींची रिम १२ इंची असली तरी ओम्नीला जास्त वजन पेलणारे टायर लागतात. तसेही टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे पाहा : ३४१७ म्हणजे २०१७ सालचा ३४ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर स्टेपनीलाही ठेवू नये.

काम सुरू करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग पेट्रोल, ऑइल आणि कूलंट उतरवा. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा लवकर पेटते, म्हणून टाकी उतरवून दूर नेईपर्यंत गॅस कटर जवळ आणू नका. कूलंट गोड लागते आणि विषारी असते. परातीत उघडे राहिले तर कुत्री आणि जनावरे पितात. गाडी जॅकवर उचलून खाली चिरे लावायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मोडा. चिरा एका बिंदूवर भार आला की फुटतो. लोखंडी स्टँड आणा, नाहीतर रेल्वे स्लीपरसारखे जाड लाकूड आडवे-उभे रचा.

८०० चे सगळे मिळून वजन साधारण साडेसहाशे किलो. काय काढून घेणार ते भंगारवाल्याला आधीच सांगा आणि उरलेल्याच्या वजनावर भाव ठरवा. राखलेले भाग प्लास्टिकमध्ये हवाबंद बांधू नका, खानापूरच्या पावसाळी हवेत आत पाणी सुटते. ऑइल लावलेल्या फडक्यात गुंडाळा आणि हेड माळ्यावर फळीवर आडवे ठेवा.

प्रश्न : दूधगंगेच्या पुरात कार डॅशबोर्डपर्यंत बुडाली. विमा कंपनीने ती दुरुस्तीपलीकडची ठरवली आणि गाडी आमच्याकडेच राहिली. त्यातले काय वाचेल?
— एक वाचक, सदलगा

उत्तर : पाणी कुठवर आले ती गाळाची रेघ आधी खडूने आखा. रेघेच्या वरचे भाग निर्धास्त घ्या : आरसे, काचा, छताचे दिवे, वायपरची मोटर. रेघेखालचे बाहेरचे पत्रे, बंपर आणि अलॉय चाके धुतली की चालतात.

रेघेखालचे वायरिंग मात्र सोडा. पाणी तांब्याच्या तारांमधून आवरणाच्या आत चढत जाते. टोक सोलून पाहिल्यास तार हिरवी किंवा काळी दिसेल. आज चालणारे असे वायरिंग सहा महिन्यांनी कधी तरी एखादाच दिवा बंद पाडते आणि दोष सापडत नाही. डॅशबोर्डखालचे कंट्रोल युनिट, एअरबॅग आणि सीट बेल्टचे टेन्शनर कोणालाही विकू नका. एअरबॅगच्या आत स्फोटक असते, ती घरी उघडू नका.

इंजिनसाठी एकच नियम : प्लग काढल्याशिवाय फिरवू नका. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, पाणी उडू द्या, सम्पचे ऑइल पाहा. ते ताकासारखे पांढरे असेल तर लगेच उतरवा आणि स्वस्तातले नवे ऑइल भरून हाताने फिरवा. गिअरबॉक्सचेही तसेच. बुडाल्यावर पहिल्या आठवड्यात हे झाले असेल तर दोन्ही वाचतात. महिना उलटला असेल तर बेअरिंगवर गंज चढलेला असतो. चाकांचे बेअरिंग आणि अल्टरनेटर मात्र हिशेबातच धरू नका.

प्रश्न : गाडी एमएच-०९ पासिंगची, आम्ही निपाणीत राहतो. भंगारात दिल्यावर नोंदणी रद्द करायला कोल्हापूरला जावे लागेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे, गाडी कायमची निकामी झाल्याची माहिती तुम्ही राहता किंवा गाडी जिथे नेहमी ठेवता तिथल्या आरटीओला १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर द्यायची, सोबत आरसी जोडायची. नोंदणी दुसरीकडची असेल तर तेच कार्यालय कागद मूळ आरटीओकडे पाठवते. तुमचे कार्यालय चिकोडी. कर, दंड आणि बँकेचा बोजा आधी फेडून घ्या. चेसिस नंबरचा पत्रा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. तो कापून घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जवळ ठेवा. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देणार असाल, तर कोणते भाग काढलेले चालतात हे त्यांना आधी विचारा, नाहीतर डिपॉझिट सर्टिफिकेट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, अडकते. त्या सर्टिफिकेटवर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

प्रश्न : सायलेन्सरही लोखंडाच्याच वजनात धरणार असे भंगारवाला म्हणतो. बरोबर आहे का?
— एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : मागचा डबा आणि पाइप लोखंडातच जातात. पण इंजिनजवळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो वेगळा विका. त्यातल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा थर असतो, त्याचा लोखंडाशी काही संबंध नाही. हलवून पाहा, खुळखुळ वाजला तर जाळी तुटली आहे आणि काही भाग बाहेर पडून गेला असण्याची शक्यता आहे, भाव कमी येईल. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर असेल तर त्यावरचा कोरलेला नंबर घासू नका, घेणारा भाव त्याच नंबरावरून सांगतो. दोन्ही बाजूंचा पाइप चार बोटे सोडून कापा. डबा स्वतः फोडू नका, आतली भुकटी श्वासातून जाते.