आंब्याचे सहा लाख ग्राफीनमध्ये घालावेत का?

देवगडजवळच्या एका बागायतदार वाचकांचा प्रश्न : यंदा फवारणी, राखण, पेट्या, गडी सगळं वजा जाऊन सहा लाख उरलेत. पुण्यातला भाचा म्हणतो, लिथियमचे दिवस भरले, पुढचा जमाना ग्राफीन बॅटरीचा. अजून शेअर बाजारात न आलेल्या एका कंपनीचे शेअर त्याच्या ओळखीने मिळतायत. मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. घालू का?

सहा लाख तर नकोच. भाचा थापा मारतोय असं नाही, पण ग्राफीन चांगलं असणं आणि तो शेअर चांगला असणं यांची त्याने मिसळ केलीय.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. 2004 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गाइम आणि नोवोसेलोव यांनी तो ग्राफाइटवरून चक्क चिकटपट्टीने सोलला. 2010 चं नोबेल त्यावरच मिळालं. वीज त्यातून सुरेख वाहते. पण लिथियम बॅटरीत ऋण टोकाला जे ग्राफाइट वर्षानुवर्षं वापरलं जातंय, ती याच पापुद्र्यांची चळत आहे. पापुद्रे सुटे करून भरले की पृष्ठभाग अफाट वाढतो आणि पहिल्याच चार्जिंगला बरंचसं लिथियम त्यावर थर धरण्यात अडकतं, परत येत नाही. म्हणून ‘ग्राफीन’ नावाने विकल्या जाणाऱ्या बॅटरीत बहुतेकदा लिथियमच असतं आणि ग्राफीन फोडणीतल्या हिंगाएवढं. स्वस्त स्कूटरच्या बॅटरीवर ग्राफीन छापलेलं असतं, आत तुमच्या इन्व्हर्टरसारखीच लेड-ॲसिड! ब्रिस्बेनमध्ये ग्राफीन आणि ॲल्युमिनियमची, लिथियमशिवायची बॅटरी घडवायचं काम चालू आहे, ते खरं. पण प्रयोगशाळेतून कारखान्यात यायला किती वर्षं जातील यावर मी कुणाचेही पैसे लावणार नाही.

शिवाय लिथियमही जागच्या जागी थांबलेलं नाही. सोनीने 1991 मध्ये ती बॅटरी बाजारात आणली. 2010 च्या सुमारास एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरी पॅकला हजार डॉलरच्या वर पडायचे, 2024 मध्ये सरासरी 115 च्या आसपास. नव्याला या भावाशी भिडायचंय, आणि सोडियमच्या बॅटऱ्या करणारेही रांगेत आहेतच.

आता तुमच्याकडे वळू. हापूस एक वर्ष धरतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. त्यात मोहरावर अवकाळी पडला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. ज्याची कमाईच अशी, त्याने साठाही तसाच हेलकावणारा ठेवू नये. बाजारात न आलेला शेअर विकायचा म्हटला तर गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं आणि भाव तो सांगेल तो. मुलीच्या प्रवेशाची तारीख त्यासाठी थांबत नाही.

पुढच्या हंगामाचा खर्च बँकेत ठेवा. मुलीसाठीची रक्कम दोन वर्षांच्या मुदत ठेवीत, त्या पैशांकडे बघायचंही नाही. उरलेल्यातून हौस म्हणून वीस-तीस हजार, गेले तरी झोप जाणार नाही एवढेच, आणि तेही बाजारात नोंदलेल्या शेअरमध्ये.

भाच्याला दुखवायचं नसेल तर त्या कंपनीचं पूर्ण नाव मागून घ्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून ताळेबंद बघता येतो. बॅटऱ्या विकून किती आले, तेवढं बघून मला पुन्हा लिहा. मात्र शेअर देणारा ‘आज शेवटची तारीख’ म्हणत असेल, तर ते शुल्कही वाचवा.