थोडं थांबा, पण त्याच्यासाठी नाही

ताई,

ऐरोलीहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, नवरा रोज पितो, शनिवारी रात्री तुम्ही बॅगा भरल्या आणि आता विचारता, "मुलीला घेऊन कायमची नाशिकला माहेरी जाऊ का?"

आधी सांगा, तो हात उगारतो का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. उगारत असेल तर विचार करत बसू नका, आजच निघा आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. घर त्याच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क तुम्हाला २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने दिला आहे.

तसं नसेल, तर काही आठवडे थांबा. त्याला आणखी एक संधी म्हणून नव्हे. तो बाथरूममध्ये गेला की तुम्ही बाटलीवर पेनाने खूण करता, असं लिहिलंय. सोमवारी त्याच्या साहेबांना "ह्यांचं पोट बिघडलंय" असा फोनही तुम्हीच करता. पितो तो, पण तुमचा सगळा दिवस त्या बाटलीभोवती जातोय. ही सवय घेऊन गेलात, तर नाशिकलाही रोज रात्री फोन लावून त्याची जीभ जड झालीय का तेच ऐकत बसाल.

खूण करणं सोडा. साहेबांना फोन करणंही सोडा, त्याचं त्याला निस्तरू दे. मग स्वतःला विचारा: उद्या याची दारू सुटली, तरी मला याच्याबरोबर राहायचंय का? उत्तर 'नाही' आलं तरी त्यात पाप नाही.

सासूबाई म्हणतात, तुमच्या कटकटीमुळे तो पितो. हे मनाला लावून घेऊ नका. दारुड्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अॅनॉन ही संघटना आहे. तिथे सांगतात: हे व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि ते बरं करणंही तुमच्या हातात नाही. त्यांच्या एखाद्या सभेला जाऊन नुसतं बसा.

आणि रागाच्या भरात बाटल्या बेसिनमध्ये ओतू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेततं. सोडायला तयार झाला तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६.

मुलीशी मात्र आजच बोला. बाबांना आजार आहे, त्यात तुझी काहीही चूक नाही, एवढं तिला सांगा. तिने विचारलं नसलं तरी.