रंग ओळखता येत नाहीत, तारकागुच्छ मात्र शोधायचेत

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. धुळीआड लपलेले तारकागुच्छ अवरक्त प्रकाशात शोधायचं वेड त्याने घेतलंय. पण त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. नातेवाईक म्हणतात, रंगीत फोटो बघूनच तर हे शोध लागतात, हा काय शोधणार? त्याला दुसरीकडे वळवू का? — एक आई

उत्तर : नमस्कार. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश कुणालाच दिसत नाही, नातेवाइकांनाही नाही! त्या फोटोंतले निळा, हिरवा, लाल हे रंग संगणकाने तीन तरंगलांबींना वाटून दिलेले असतात. मुलाने ते स्वतःला सोयीचे करून घेतले तर काही बिघडत नाही.

खरं काम आकड्यांचं. तारा १.२५ मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किती तेजस्वी, २.२ मायक्रॉनला किती, आणि दोन्हींत फरक किती. लांब तरंगलांबीचा प्रकाश धुळीत कमी अडतो, त्यामुळे धुळीमागच्या ताऱ्यासाठी हा फरक मोठा येतो. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाख कोटीवा भागच आपल्यापर्यंत पोचतो. २.२ मायक्रॉनला मात्र साधारण दहावा भाग पोचतो.

तेव्हा रंगांधत्वाचा प्रश्न मिटला. मला विचारायचंय ते वेगळंच : हाताशी आलेला शोध स्वतःच खोडून काढायची त्याची तयारी आहे का? चिलीतल्या पारानाल इथल्या ४.१ मीटरच्या व्हिस्टा दुर्बिणीच्या सर्वेक्षणातून २०११ मध्ये ९६ नवे गुच्छ जाहीर झाले. बहुतेकांत जेमतेम १०-२० तारे, आणि तेही पुढच्या-मागच्या असंख्य ताऱ्यांच्या गर्दीत. अशा ठिकाणी फसगत ठरलेली. धुळीच्या पडद्याला कुठे भोक असलं की तिथून मागचे तारे जास्त दिसतात आणि गुच्छ सापडल्यासारखं वाटतं. २.२ मायक्रॉनला पाहिलं की आजूबाजूलाही तितकेच तारे निघतात आणि गुच्छ गायब! खऱ्या गुच्छातले तारे एकत्र सरकतात, म्हणून जे उरतात त्यांचे तारे खरंच तसे सरकताहेत का, हे तपासावं लागतं. ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांनंतर तर गुच्छांच्या यादीतले काही जुने गुच्छही बाद झाले. पण २०२५ पर्यंत चाललेला गाया दृश्य प्रकाशात बघायचा, दाट धुळीमागे त्याचं फारसं चालत नव्हतं. म्हणून तिथलं काम अजून शिल्लक आहे.

आता त्याला एक काम द्या. अलादिन हा आकाशाचा नकाशा ब्राउझरमध्ये फुकट चालतो. त्यात वेस्टरलुंड १ हा १९६१ मध्ये सापडलेला गुच्छ काढून आधी दृश्य प्रकाशात आणि मग टूमास (2MASS) या आकाश-सर्वेक्षणाच्या अवरक्त चित्रांत बघायला सांगा. नंतर तिथल्या ताऱ्यांचे आकडे उतरवून त्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आलेख काढावा, आणि शेजारच्या तेवढ्याच मोकळ्या तुकड्याचाही. दोन आलेखांतला फरक शोधताना तो जेवायचं विसरला तर समजा, गाडी रुळावर आहे. फोटो बघून झाल्यावर कंटाळला, तर ती फक्त हौस. हौसही वाईट नाही, पण तिच्यावर करिअर उभं करू नये.

वाट लांबची आहे : भौतिकशास्त्राची पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, मग काही वर्षं तात्पुरत्या नेमणुका. कायमच्या जागा थोड्या. यात संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग पक्कं होतं, ते इतर क्षेत्रांतही चालतं. त्यामुळे पुढे वाट बदलली तरी तो रिकाम्या हाताने परतणार नाही. गणित त्याला जड जातं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जात असेल तर मात्र आत्ताच बोला.