उंबराचं फूल तुमच्या पार्किंगमध्येच आहे

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या सोसायटीत पार्किंगला लागून जुना उंबर आहे. वर्षातून तीन-चार वेळा फळं गळतात, मग गाड्यांवर डाग, खाली चिकचिक, चिलटं, रात्री वटवाघळं. मागच्या मीटिंगमध्ये झाड काढायचं जवळजवळ ठरलंच. दत्ताचं झाड म्हणून आमची ही ऐकायला तयार नाही, मलाही नको वाटतं, पण श्रद्धा सोडून मीटिंगमध्ये काय बोलू? आणि उंबराला खरंच फूल येत नाही का हो?
- एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मीटिंगमध्ये काय बोलायचं तेही त्यातच सापडेल. फार दिवसांनी कोणी दिसलं की आपण म्हणतो ना, काय उंबराचं फूल झालात, पण ते फूल तुमच्याकडे रोज झाडूने लोटलं जातंय! उंबर म्हणजे बाहेरून फळ, पण खरं तर ती एक बंद पिशवी असते आणि शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या बाजूला असतात. एक कच्चं हिरवं उंबर ब्लेडने मधोमध कापून बघा, आत दाटीने बसलेले दाणे दिसतील, तीच फुलं.

मग परागीभवन कसं होतं, तर उंबराच्या टोकाला एक बारीकसं तोंड असतं, त्यातून दोनेक मिलिमीटरची एक माशी आत घुसते, घुसताना बहुतेकदा तिचे पंखच तुटतात, म्हणजे आत गेली ती गेलीच. सोबत आणलेले पराग ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात, ते बाहेर जायचं भोक पाडतात आणि बहुतेक आतच संपतात, माद्या मात्र पराग घेऊन त्या भोकातून उडतात आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरं उंबर शोधतात. ही माशी नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबर नसेल तर ही माशी नाही. उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले हेच बारीक कीटक, काढू नयेत म्हणतात, पण मी म्हणते या वेळी काढाच, आणि सगळ्यांना दाखवा. मी पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ जागची हलले नव्हते.

आता चिलटांचं. चिलटं वेगळी आणि ही केंबरं वेगळी, केंबरं माणसाला चावत नाहीत. चिलटं येतात ती पडून सडलेल्या फळांवर, म्हणजे रोज सकाळी झाडून खतखड्ड्यात टाकलं की निम्म्याहून जास्त त्रास कमी होईल. बहराच्या दिवसांत झाडाखालच्या दोन-तीन गाड्या जरा बाजूला लावा, नाहीतर वर हिरवी शेडनेट बांधा, खर्च फार नाही.

वटवाघळं फळं खायला येतात आणि बिया लांब नेऊन टाकतात, त्यांना घाबरायचं काही कारण नाही. दिवसा बसून बघा, तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, नशीब असेल तर राखी धनेशसुद्धा. उंबर वर्षातून अनेकदा फळतो म्हणून बाकी झाडांवर काही नसतं त्या दिवसांतही या सगळ्यांचं पोट भरतं. हे झाड गेलं तर त्या जागी पाम लावून ते भरून निघणार नाही हो, मला याचं फार वाईट वाटतं.

आणि मीटिंगमध्ये एक गोष्ट ठामपणे सांगा, झाड काढायचं हे सोसायटीने ठराव करून भागत नाही. राज्याचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, विनापरवानगी तोडलं तर गुन्हा होतो. अडचणीची एखादी फांदी असेल तर तीसुद्धा रीतसर अर्ज करूनच छाटून घ्या.

मीटिंगच्या आधी एखाद्या रविवारी सोसायटीतल्या पोरांना खाली बोलवा, चार हिरवी, चार पिकलेली उंबरं, ब्लेड तुमच्या हातात आणि एक भिंग त्यांच्या. नंतर त्यांनाच मीटिंगला घेऊन जा.